मागे बसलेली बाई

आरसा कोणी फिरवला हे मी कधी विचारलं नाही. गाडी गुरुजींची, म्हणजे त्यांनीच फिरवला असणार. मी पहिल्यांदा मागे बसले तेव्हा हँडलवरचा तो गोल आरसा आभाळाकडे तोंड करून होता. त्यात मागचं वाहन दिसत नव्हतं आणि मागची बाईही दिसत नव्हती. मला ते पाहून फार बरं वाटलं. किती सभ्य माणूस, असं मनात म्हटलं. मागून एखादा ट्रक आला असता तर आम्ही दोघंही सभ्यपणे मेलो असतो, हे कळण्याइतकी अक्कल तेव्हा नव्हती.

सत्तर सालाच्या पुढची आणि ऐंशीच्या अलीकडची ही गोष्ट. कुहीच्या पलीकडच्या एका खेड्यात मी शाळेवर लागले होते. सरकारी नोकरी लागलेली आमच्या घरातली मी पहिली. बाबा गिरणीत होते, त्यामुळे वस्तीत माझा भाव एकदम वाढला होता. अडचण एकच होती. नागपूरहून सकाळी निघणारी पहिली एसटी मला शाळेत पोचवायची तेव्हा प्रार्थना संपून पोरांचे पाढे सुरू झालेले असायचे, आणि हेडमास्तर उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल रेघ ओढत. गावात खोली घ्यावी तर खोली मिळत नव्हती. म्हणजे असायची, पण माझं आडनाव सांगितलं की त्या खोलीत नेमकं धान भरलेलं निघायचं. एवढं धान त्या गावात पिकतं हे मला खोली शोधताना कळलं.

हे गुरुजी त्याच शाळेतले. नागपूरला प्रताप नगरात राहत आणि रोज मोटरसायकलनं येत-जात. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, बायको-मुलं असलेले, बोलायला अगदी कमी. बाबा स्वतः त्यांच्या घरी गेले, चहा प्यायले आणि “पोरीले घेऊन जात जा गुरुजी” असं सांगून आले. गुरुजी नुसतं “हो” म्हणाले. त्यांच्या बायकोनं दोनदा “हो” म्हटलं, असं बाबा सांगत.

मग नियम सुरू झाले. ते कोणी लिहून दिले नव्हते, कोणी बोलूनही दाखवले नव्हते, पण आम्ही दोघांनी ते शाळेच्या वेळापत्रकापेक्षा कडक पाळले. मी आमच्या वस्तीत गाडीवर बसायचं नाही, उमरेड रोडच्या जकात नाक्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून बसायचं. बसायचं ते अर्थात एका बाजूला पाय सोडून. दोघांच्या मध्ये गुरुजींची वह्यांची पिशवी ठेवायची. त्यांनी मागे वळून पाहायचं नाही आणि मी काही बोलायचं नाही. गावाच्या अलीकडे एक चिंच होती, तिथं मी उतरायचं. सीट हलकी झाली की त्यांनी गाडी पुढे काढायची, आणि मी मागून चालत शाळेत जायचं, जणू आम्ही एकमेकांना शाळेच्या फाटकातच पहिल्यांदा पाहतोय. गावाला हे सगळं माहीत होतं. पण आम्ही लपवतोय म्हटल्यावर गावालाही पाहायला गोडी लागली.

धरायचं कशाला, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. खांद्याला धरणं तर मनातसुद्धा आलं नाही. सीटवर धरायचा पट्टा होता, पण तो नेमका पिशवीखाली दबलेला. म्हणून मी पिशवी धरून बसायची. पिशवी पडू नये म्हणून मी तिला धरलेलं, आणि मी पडू नये म्हणून मला कोणीच धरलेलं नाही, असा आमचा रोजचा प्रवास चालायचा. खड्डा आला की मी पोटात श्वास ओढून घ्यायची. त्या वेळी मला वाटायचं की श्वास ओढला की माणूस सीटला चिकटून राहतो.

थंडी सरता सरता लाखोळी निघते, धानानंतर त्याच बांधीत येणारं डाळीचं पीक. त्या भागातले लोक काढलेली लाखोळी सडकेवर पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकच्या, बैलगाड्यांच्या चाकाखाली ती आपोआप मळली जाते. फुकटची मळणी. चारचाकीला त्याचं काही नाही, पण दोन चाकांची गाडी त्या वाळक्या काड्यांवर गेली की साबणावरून चालल्यासारखी घसरते. गुरुजी तिथं नेहमी गाडी हळू करत. त्या दिवशीही केली. तरी मागचं चाक एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे गेलं आणि सावरलं. गाडी सावरली, गुरुजी सावरले आणि नीट पुढे निघून गेले. मी आणि पिशवी लाखोळीत पडलो होतो.

पडल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल तर साडी नीट केली. दुसरं, पिशवी उचलायला उजवा हात पुढे केला तेव्हा कळलं की मनगट भलत्याच बाजूला वाकलं आहे. हाक मारावी तर त्यांना नावानं हाक कशी मारायची? “गुरुजी” म्हणून ओरडले असते तरी चाललं असतं. पण भर सडकेवर एका बाईनं परक्या पुरुषाला ओरडून हाक मारायची, हे माझ्या तोंडून निघेना. गाडीचा आवाज लांब लांब जात राहिला आणि मी तो ऐकत बसले.

लाखोळीची मालकीण धावत आली. कमरेला पदर खोचलेली, हातात काड्या उलथायचं लाकूड.

“पडली काय वं बाई? कोठं लागलं?”

मी हात दाखवला. तिनं हात पाहिला, मग सडकेकडे पाहिलं.

“अन् तो थांबला काहून नाही? भाऊ होय काय तुझा?”

“नाही.”

“मंग नवरा?”

“नाही वो माय.”

“मंग कोण होय?”

“कोणी नाही.”

“कोणी नाही अन् मागं बसली?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. टोमण्याला उलट उत्तर देता येतं. मी कण्हत राहिले, म्हणजे उत्तर द्यायला नको.

तिकडे गुरुजी चिंचेखाली पोचून थांबले होते. हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही मान खाली घालून. गाडी मध्येच हलकी वाटली होती, पण त्यांना वाटलं उतार लागला. चिंचेखाली त्यांनी गाडी सुरू ठेवली आणि सीट हलायची वाट पाहिली. सीट हलेना. त्यांना वाटलं, बाईंचा पदर कशात तरी अडकला असेल, सोडवत असतील. अशा वेळी मागे पाहणं बरं दिसत नाही. म्हणून ते समोर पाहत थांबले, आणखी थांबले. शेवटी बैल घेऊन जाणारा एक म्हातारा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, कोणाची वाट पाहून राहिले?” तेव्हा त्यांनी मान वळवली.

ते परत आले तोवर मालकिणीच्या नवऱ्यानं मला बैलगाडीत घातलं होतं. कुहीच्या सरकारी दवाखान्यापर्यंत बैलगाडी पुढे आणि तिच्या मागे बैलांच्या चालीनं फटफट करत गुरुजींची गाडी, अशी आमची वरात गेली. दोन्ही बाजूंच्या शेतांतली माणसं काम सोडून उभी राहून पाहत होती. मी डोळ्यांवर पदर ओढून घेतला. हात ठणकत होता, पण त्या वाटेवर हातापेक्षा पदराचीच काळजी जास्त घेतली.

दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, “कसं झालं?” मी तोंड उघडायच्या आत गुरुजी बोलले. वर्षभरात मी त्यांचं एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं.

“ह्या बाई रस्त्याच्या कडेनं चालल्या होत्या. माझी गाडी लागली.”

बैलगाडीवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला. मी बाकावर डोळे मिटून पडून होते आणि मला हायसं वाटलं. मी कोणाच्या मागे बसलेच नव्हते. मी आपली चालत होते. चालणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही. त्यांनी स्वतःला बाईला धडक देणारा माणूस करून घेतलं होतं, कारण बाईला मागे बसवणारा माणूस होण्यापेक्षा ते त्यांना सोपं वाटलं. आणि मलाही.

पण सरकारी दवाखाना म्हटल्यावर अपघाताची खबर चौकीत जाणार. चौकीत गेली की रस्त्यानं चालणाऱ्या बाईला गाडी मारली हा गुन्हा होणार. हवालदार दवाखान्यात येऊन गेला, गुरुजींचा जबाब घेऊन गेला आणि बाई जरा बऱ्या झाल्या की त्यांनी चौकीत येऊन जबाब द्यावा, असं सांगून गेला. माझ्या जबाबावर खटला उभा राहणार होता. सरकारी मास्तरावर खटला भरला की तो निलंबित होतो, हे शाळेतल्या शिपायालाही माहीत होतं.

मी उजवा हात प्लॅस्टरमध्ये घेऊन घरी पडले. दोन-तीन दिवसांनी विम्याचा एजंट आला. गुरुजींच्याच गल्लीतला, गोरापान, गळ्यात रुमाल, बोलणं अर्धं हिंदी. तो आमच्या खाटेवर बसला आणि आनंदानं म्हणाला, “काका, केस एकदम पक्की आहे. बाई पैदल होत्या ना? मग थर्ड पार्टी लागून जाते. कंपनी भरपाई देते.”

“अन् मागं बसली असती तं?” बाबांनी विचारलं.

“मग नाही ना लागत. साधा कागद आहे गुरुजीचा. मागे बसणाऱ्याचा वेगळा काढावा लागते.”

“म्हंजे रस्त्यावरच्या म्हशीले धडकला तं कागद आहे, अन् मागं बसलेल्या बाईले नाही?”

“कागद तसाच असते काका,” एजंट म्हणाला. त्याला त्यात काही गैर दिसत नव्हतं.

“अन् गुरुजीचं काय होईन?”

“जामीन होऊन जाते. पुढचं पुढं पाहू.”

तो गेल्यावर आई म्हणाली, “बरं झालं गुरुजीनं तसं सांगतलं. पोरीचं लगन व्हायचं आहे अजून.” आमच्या घरात खोटं कोणी बोललंच नाही, सगळ्यांनी नुसतं मौन पाळलं. मला वाटतं, सभ्य घरांत खोटं असंच बोललं जातं.

मग एका सकाळी गुरुजींची बायको आली. एकटीच, रिक्षानं, डब्यात शिरा घेऊन. मी तिला त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या मागे वर्षभर बसून मी तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. ती ठेंगणी, सावळी, डोळ्यांखाली काळं आलेली. तिनं माझ्या प्लॅस्टरला हात लावून पाहिला आणि आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायला.

“ते जेवून नाही राहिले बरोबर,” ती म्हणाली. “म्हणतात, बाईच्या नावाले बट्टा लागला नाही पायजे. माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

मी खाली पाहत होते.

“मी काही मागाले नाही आली. पण एक सांगा बाई. तुम्ही त्यांच्या मागं बसता हे मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मीच म्हटलं होतं, घेऊन जात जा म्हणून. तुमच्या घरी माहीत आहे, शाळेत माहीत आहे, साऱ्या गावाले माहीत आहे. मंग हे लपवून कोणापासून राहिलो आपण?”

एवढं बोलून तिनं डबा रिकामा करून मागितला, धुऊन घेतला आणि गेली. मला तिचा राग आला. खरंच आला. तिनं रडायला हवं होतं, शिव्या द्यायला हव्या होत्या, म्हणजे मला आपली बाजू घेऊन भांडता आलं असतं. तिनं तर माझ्यासाठी काहीच बाजू शिल्लक ठेवली नाही.

बाबा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी खुंटीवरचा धुतलेला सदरा काढला, अंगात घातला आणि मला विचारलं, “कुहीची एसटी कितीले आहे वं?”

चौकी म्हणजे एक खोली, एक टेबल आणि भिंतीला लावलेला एक लांब बाक. बाकावर बैल हरवलेला एक शेतकरी, त्याच्यासोबतची माणसं आणि आणखी कोण कोण बसले होते. गुरुजींना बोलावून घेतलं होतं. ते कोपऱ्यात उभे होते. मला पाहून त्यांनी नजर खाली केली. नियम अजून चालूच होते.

हवालदारानं कागद पुढे ओढला. “बोला बाई. कोणत्या बाजूनं चालल्या होत्या, डाव्या का उजव्या?”

“मी चालत नव्हते.”

“मंग उभ्या होत्या?”

“बसले होते.”

“रस्त्यावर?”

बाकावर कोणीतरी हसलं. बाबांकडे पाहिलं तर ते भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होते.

“गाडीवर,” मी म्हटलं. “यांच्या मागे.”

“बाई, राहू द्या,” गुरुजी कोपऱ्यातून म्हणाले.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. आता बाकावरचे सगळेच पुढे सरकले. बैल हरवलेला माणूस बैल विसरला.

“हे कोण लागतात तुमचे?”

लाखोळीत पडले होते तेव्हा हाच प्रश्न होता. तेव्हा मी “कोणी नाही” एवढंच म्हणून, कण्हून सुटले होते. मान वर करून बाणेदार उत्तर दिलं, असं इथं लिहायला मला आवडलं असतं. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहून, आवाज फुटेल न फुटेल असं म्हटलं, “कोणी नाही. हे गाडी चालवतात, मी मागे बसते. शाळा एकच आहे.”

“रोज?”

“रोज.”

“मंग पडल्या कशा?”

“लाखोळीवर चाक घसरलं. मी धरलं नव्हतं.”

“काहून नाही धरलं?”

“काय?”

“अहो, यायले, गुरुजीले. खांद्याले धरून बसते माणूस.”

तो सहज विचारत होता. गाडीवर बसणाऱ्या कोणालाही विचारावं तसं. मी म्हटलं, “लाज वाटत होती.”

हवालदारानं पेन उचललं आणि तेच लिहिलं. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. “सदर इसमाशी माझे कोणतेही नाते नसून मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून शाळेत जात-येत असते. घटनेच्या वेळी मला लाज वाटत असल्याने मी सदर इसमास धरले नव्हते. सबब तोल जाऊन खाली पडले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.” मी घरात आईजवळसुद्धा कधी बोलले नव्हते ते सरकारी भाषेत, शिक्क्याच्या कागदावर, बैल हरवलेल्या माणसासमोर वाचून झालं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. कुहीच्या चौकीची फरशी मला त्या दिवशी पाठ झाली. जमीन काही दुभंगली नाही.

गुरुजींवरचा खटला तिथंच बारगळला. भरपाईही अर्थात गेली आणि एजंट आमच्याशी बोलेनासा झाला. पुढे त्या नोकरीत मी किती तरी वर्षं त्यांच्या मागे बसून गेले-आले, खांद्याला धरून, आमच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत. गाव वर्षभर बोललं आणि मग दुसऱ्या कोणावर तरी बोलायला लागलं. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी अजून सही बाकी होती.

हवालदारानं पेन माझ्यापुढे केलं. उजव्या हाताची बोटं प्लॅस्टरमधून सुजून बाहेर आली होती. त्यांच्यात पेन ठरेना. डाव्या हातानं प्रयत्न केला तर नुसती रेघ उमटली.

“राहू द्या. अंगठा चालते. बाईचा उजवा लागते,” हवालदार म्हणाला.

“मास्तरीण अन् अंगठा!” बाकावरून आवाज आला, आणि या वेळी सगळेच हसले. गुरुजी सोडून.

बाबांनी आधी साक्षीदाराची सही केली. गिरणीतल्या प्रौढांच्या वर्गात ते आपलं नाव लिहायला शिकले होते, आणि मी पाटी धरून त्यांच्याकडून ते गिरवून घेतलेलं. एकेक अक्षर काढत, ओठ हलवत त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. हवालदार थांबून राहिला. मग बाबांनी शाईचा डबा पुढे ओढला, प्लॅस्टरमधून वर आलेला माझा अंगठा स्वतःच्या दोन बोटांत धरला, शाईत टेकवला आणि कागदावर ठेवून म्हणाले, “दाब.”

मी दाबला. मनगटातून कळ निघाली. कागदावर माझा ठसा उमटला, त्याच्या खाली बाबांची सही. बाकावरच्या सगळ्यांनी ते पाहिलं. मी घाईनं हात मागे घेतला आणि काळा झालेला अंगठा पदराखाली घातला.

“झाकून काहून राहिली वं?” बाबा म्हणाले. “शाईच तं आहे.”